डिप्रेशन, सायको, बाहेरचं, सटकलेला: गावात सर्रास वापरल्या जाणाऱ्या शब्दांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

तालुक्याच्या अभ्यासिकेतली पोरं, आशाताई, शाळेतले सर, किराणा दुकानावरचे काका, सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी डॉक्टर नाही. अभ्यासिका चालवतो, आणि गावोगावी मानसिक आरोग्याची शिबिरं लागली की मांडव, खुर्च्या, माणसं गोळा करणं हे माझ्याकडे असतं, त्यामुळे डॉक्टरांच्या बाजूला बसून ऐकणं भरपूर झालंय. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवायचं तर पाठवा, फक्त अर्धं कापून पाठवू नका.

पोरं उठसूट 'डिप्रेशन आलं' म्हणतात. त्यांना टोकायचं का?

नाही. पोलीस भरतीचं मैदान झालं, १६०० मीटरला मार्क कमी पडले, की संध्याकाळी टपरीवर 'लय डिप्रेशन आलं बे' हे ठरलेलंच. चहा होतो, खर्रा होतो, एकमेकांना शिव्या देऊन होतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच पोरगं परत ग्राउंडवर दिसतं. त्याला तिथं उभं करून 'डिप्रेशन हा गंभीर आजार आहे, असं बोलू नये' म्हणून भाषण दिलं तर तो तुमच्यासमोर बोलणं बंद करेल, एवढंच होईल.

माझी अडचण वेगळीच आहे. सगळेच म्हणतात ना, मग एखादा खरंच म्हणतो तेव्हा बाकीचे 'मलेबी आलं, चाल चाय पिऊ' म्हणून मोकळे होतात. लेबल लागलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि हे डिप्रेशनचंच नाही, 'सायको', 'बाहेरचं', 'येडा', सगळ्याच शब्दांचं आहे. म्हणून बोलणाऱ्याला टोकू नका, ऐकणाऱ्यानं विचारायला शिका. किती दिवस झाले? झोप येते का? जेवतोस का? ग्राउंडवर का येत नाहीस? एवढं विचारलं तरी खूप कळतं. आणि जे पोरगं काहीच बोलत नाही, रूमचं दार लावून पडून असतं, मेसचा डबा न उघडता परत पाठवतं, त्याच्याकडे आधी जा.

मग खरं डिप्रेशन ओळखायचं कसं? उदास तर सगळेच असतात.

डॉक्टर लोकांचा साधारण हिशेब असा की कमीत कमी दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास राहणं किंवा ज्यात आधी मजा यायची त्यातली मजाच जाणं, हे मुख्य. त्यासोबत झोप बिघडणं (कमी किंवा जास्त, दोन्ही), भूक बिघडणं, थकवा, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा नुसती तगमग, 'आपल्यात काही दम नाही, सगळं माझ्यामुळंच झालं' असं वाटत राहणं, मरणाचे विचार. अशी नऊ लक्षणं धरतात आणि त्यातली पाच असली, रोजचं काम अडायला लागलं, तर ते उदासपणाच्या पुढं गेलं म्हणायचं. घरात मयत झाली, लग्न मोडलं, पीक गेलं तर माणूस रडणारच, त्याला लगेच आजार म्हणू नये. पण कारण दिसतंय म्हणून आजार नाहीच असंही नसतं, हे लोक विसरतात.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे, वयानं मोठी माणसं डिप्रेशन हा शब्द तोंडातून काढतच नाहीत. ती म्हणतात 'जीव कोठी लागत नाही', 'काही सुचून नाही राहिलं', 'अंगात दमच नाही'. डोकं दुखतं, कंबर दुखते, छातीत धडधडतं. मग डॉक्टरकडे जाऊन सलाइन लावून घेतात, ताकदीची सुई मारून घेतात, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. वर्षानुवर्षं हे चालतं आणि त्या माणसाला झोप का लागत नाही हे कोणीच विचारत नाही.

उलटंही होतं. सोयाबीनचं पान पिवळं पडलं की कोणी पिवळा मोझॅक म्हणतो, कोणी लोह कमी म्हणतो, आणि खरं तर वावरात पाणी साचलेलं असतं. तसंच थायरॉइड कमी असलं, रक्त कमी असलं, बी-१२ कमी असलं तरी माणूस थकलेला, उदास, चिडचिडा दिसतो. म्हणून आधी रक्त तपासा. रील पाहून स्वतःचं स्वतः ठरवू नका.

'माझं ओसीडी आहे, मला पसारा चालत नाही.' हे खरं का?

बहुतेक वेळा नाही, तुम्ही टापटीप आहात, छान आहे.

ओसीडीमध्ये नको असलेला विचार डोक्यात घुसतो आणि तो शांत करायला एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करावीच लागते, आणि करणाऱ्याला त्यात मजा नसते, त्रास असतो. यात रोजचा तासभर किंवा जास्त वेळ जातो, असा डॉक्टरांचा एक अंदाज असतो. समजा एक बाई आहे. एप्रिल-मे चालू आहे, एक गुंड (हंडा) पाण्यासाठी नंबर लागतात, आणि ही बाई तीन गुंड पाणी नुसतं हात धुण्यात घालवते. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, तिखट कालवलं की आग होते, तरी परत धुते, कारण नाही धुतलं तर लेकराला काहीतरी होईल असं तिच्या मनात येतं, आणि हे खोटं आहे हे तिलाही कळतं. घरातले म्हणतात सोवळ्याची हाऊस आहे, सासू म्हणते नाटकं आहेत. तिच्यासमोर कोणी पुस्तकं रांगेत लावून 'माझं लय ओसीडी आहे' म्हणत हसलं की ती अजूनच गप्प होते. यावर औषध आहे, समुपदेशनाची ठरलेली पद्धत आहे, आणि फरक पडतो.

काहींना धुणं-बिणं काही नसतं, नुसते घाण विचार येतात, देवाबद्दल, घरच्यांबद्दल, आणि ते लाजेपायी कोणाला सांगत नाहीत. तोही ओसीडीच असू शकतो.

मूड बदलला की बायपोलार म्हणायचं का?

सकाळी हो म्हणाली, संध्याकाळी नाही म्हणाली, त्याला बायपोलार म्हणत नाहीत, त्याला विचार बदलला म्हणतात.

बायपोलारमध्ये मन कधी फार चढतं, कधी फार खचतं. त्यातली तेजी ही तासांची नसते, दिवसांची-आठवड्यांची असते, पूर्ण तेजी, म्हणजे मॅनिया, म्हणायला साधारण आठवडाभर तरी. गावात ती कशी दिसते ते सांगतो, कारण लोक ती ओळखतच नाहीत. माणूस रात्री दोन-तीन तास झोपतो आणि पहाटे ताजातवाना उठतो. बोलणं इतकं फास्ट की मध्ये कोणाला शिरता येत नाही. बैलजोडी विकून टाकतो, ट्रॅक्टरला बयाणा देतो, पूर्ण गावाला जेवण जाहीर करतो, आमदारकीला उभा राहतो म्हणतो. पहिले चार दिवस लोक खूश असतात, भाऊ दिलदार झाला म्हणतात, खाऊन पिऊन घेतात. मग कोणी अडवलं की मारामारी, आणि तेव्हा कुठं घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलंय. तोवर सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो. नंतर काही महिन्यांनी हाच माणूस खाटेवरून उठत नाही. लिथियमसारखी जुनी चांगली औषधं आहेत, पण त्यात मधूनमधून रक्त तपासावं लागतं, ते चुकवायचं नाही.

'सायको', 'स्किझो' म्हणजे एका माणसात दोन माणसं ना?

ना. ते सिनेमावाल्यांनी करून ठेवलं. स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या मागावर आहे, जेवणात काही टाकलंय असं पक्कं वाटतं, बोलण्याचा धागा तुटतो, अंघोळ-कपड्याकडे लक्ष राहत नाही, घरात असून नसल्यासारखा राहतो. दोन व्यक्तिमत्त्वांचा याच्याशी संबंध नाही. आणि असे लोक अंगावर येतात ही भीती फार आहे, खरं तर बहुतेकजण कोणाला काही करत नाहीत, उलट त्यांनाच जास्त मार बसतो, पोरं दगड मारतात, मोठे हसतात. बसस्टँडवर फिरणारा तो माणूस, ज्याला सगळे 'सायको' म्हणून हाक मारतात, त्यानं आजवर कोणाचं काय केलं हे विचारून बघा एकदा.

ट्रॉमा झाला, पीटीएसडी झाला, हे पेपर अवघड गेला तरी म्हणतात.

म्हणू द्या. पण चंद्रपूरकडच्या जंगलालगतच्या गावांत जाऊन या. मोहफुलं वेचायला किंवा मे महिन्यात तेंदूपत्त्याला पहाटे पाच-सहा बाया सोबत जातात, वाकून वेचत असतात, आणि वाघ त्यातली एक उचलतो. उरलेल्या बाया घरी येतात. त्यातली एखादी महिन्यानंतरही परसात पालापाचोळा वाजला तरी किंचाळते, डोळा लागला की तेच दिसतं, जंगलाच्या वाटेला पाय टाकत नाही, आणि जंगलात नाही गेलं तर त्या हंगामाचा पैसा नाही. महिन्यापेक्षा जास्त असं राहिलं, कामधंदा अडला, तर पीटीएसडीचा, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागं राहणाऱ्या आजाराचा, विचार करतात. नुकसानभरपाईचे कागद वनखात्याकडे जातात, पंचनामा होतो, पण या बाईला कोणी विचारत नाही, कारण तिला तर काहीच लागलं नाही ना.

छातीत धडधडलं म्हणजे पॅनिक अटॅक का?

पॅनिकमध्ये भीती एकदम चढते, काही मिनिटांत टोकाला जाते, घाम, धाप, 'आता मरतो' असं वाटतं, मग उतरते. पण पहिल्यांदाच होत असेल, वय चाळीसच्या पुढं असेल, शुगर-बीपी असेल, तर आधी ईसीजी. घरी बसून पॅनिक ठरवायचं नाही.

सर म्हणतात पोरगं हायपर आहे, एडीएचडी आहे. बाप म्हणतो ढ आहे.

दोघांनीही थोडं थांबावं. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अति चुळबुळ. त्याची लक्षणं बारा वर्षांच्या आतच दिसायला लागतात आणि ती एकाच ठिकाणी नाही, शाळेतही दिसतात, घरीही दिसतात. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ करणारं पोरगं हायपर नसतं, कंटाळलेलं असतं. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहून शाळेत पेंगणाऱ्याला तर काहीच लेबल नको, मोबाइल काढून घ्या.

आणि 'ढ'. तोंडी सगळं सांगतं, बाजारात हिशेब बरोबर करतं, पण वाचताना अक्षरं अडतात, लिहिताना उलटसुलट होतात, अशा पोराला अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता धरल्यात त्यात ही आहे, ऑटिझम आहे, मानसिक आजारही आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ वगैरे सवलती मिळतात. इथं लेबल लावून घेतलेलं बरं, कारण त्यानं पोराचं काहीतरी भलं होतं. 'ढ' लावून काय भलं होतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अचानक बरळायला लागला की लोक 'बाहेरचं झालं' म्हणतात. खरंच तसं असलं तर?

हा भाग नीट वाचा, इथं जीव जातो.

काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस एकदम बरळायला लागला, कुठं आहे हे त्याला कळेना, तर ते मनाचं म्हणून सोडू नका आणि बाहेरचं म्हणून तर मुळीच नको, आधी शरीर पाहायचं असतं. ताप डोक्यात जाणं, शुगर पडणं, मार लागणं, अशी ढीगभर कारणं आहेत. आपल्याकडे नेहमी दिसणारी तीन सांगतो.

पहिलं, दारू एकदम सोडणं. रोज पिणारा माणूस, बायकोनं हातापाया पडून माळ घालायला लावली, किंवा तुरुंगात गेला, किंवा ऑपरेशनसाठी भरती झाला. दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप दिसतो, आकडी येते. घरचे म्हणतात माळ घातली म्हणून कोणाचं तरी बाधलं. अहो, दारू बंद केल्यानं मेंदू बिथरलेला असतो आणि यात माणूस मरू शकतो. दवाखान्यात नेलं तर उपचार आहे. म्हणून भरपूर पिणाऱ्याला दारू सोडायची तर डॉक्टरला सांगून सोडवा, एकदम नको. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातही हे होतं, बंदी कागदावर कशी असते ते तुम्हाला मी काय सांगू.

दुसरं, फवारणी. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशी डोक्याएवढी झालेली, दमट हवा, अंगात नुसतं बनियन, पंप पाठीवर. घरी आला आणि अडखळत चालतो, घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, बोलणं असंबद्ध. लोक म्हणतात पिऊन आला, आणि झोपवून ठेवतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्याचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि गाडी काढा.

तिसरं, ओली बाळंतीण. बाळ झाल्यावर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड हे खूप जणींना होतं आणि आपोआप जातं. पण पहिल्या दोन आठवड्यांच्या आसपास झोपच उडाली, भलतंच बोलायला लागली, हे बाळ माझं नाही म्हणाली, बाळाला काही करेल असं वाटलं, तर तिला एकटीला बाळाजवळ ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना. ती वाईट आई नाही, तिला कोणी लागलेलं नाही, आणि उपचारानं ती बरी होते. यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो लिंबू-मिरचीत, आणि मग माहेरी पाठवून देण्यात.

'येडा' म्हणणं एवढं काय मनावर घ्यायचं? आपण तर प्रेमानं म्हणतो.

मित्राला 'येडा झाला का बे' म्हणालात तर काही बिघडत नाही. माझंही रोजचं आहे ते. बिघडतं कुठं, तर जिथं तो शब्द नावाच्या आधी चिकटतो. गावात एखाद्याला वीस वर्षांपूर्वी कधी तरी त्रास झाला, उपचार झाले, आता तो शेती करतो, सोसायटीचं कर्ज फेडतो, पण पोरीचं स्थळ आलं की पाव्हण्यांना कोणीतरी बसस्टँडवरच सांगतं, 'त्या येड्याची का?' आणि पाव्हणे चहा पिऊन जातात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये यावर सरळ लिहिलंय, हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचाराच्या किंवा त्या कायद्यातल्या कामाशिवाय कोणालाही 'मानसिक आजारी' असं ठरवता येत नाही. आणि कोणी जातीच्या, समाजाच्या, धर्माच्या चालीरीतीप्रमाणे वागत नाही म्हणून तर अजिबातच नाही. म्हणजे पोरीनं दुसऱ्या जातीत लग्न करतो म्हटलं की 'हिचं डोकं फिरलं, डॉक्टरला दाखवा' हे जे चालतं, त्याला कायद्यात जागा नाही.

सासरचे म्हणतात सून मेंटल आहे, घेऊन जा. आता?

घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका, ही पहिली गोष्ट. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे हे खरं, पण साधा आजार असून चालत नाही, सोबत राहणं शक्यच नाही इतका असावा लागतो आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. कोर्टात कोणी आजाराचा पुरावा दिला आणि दुसऱ्यानं तो नाकारला तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे कोर्ट ते प्रकरण मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवतं. सासूच्या म्हणण्यावर किंवा गावातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर कोणी मेंटल ठरत नाही. तालुक्याला विधी सेवा समिती असते, बाईला तिथं वकील फुकट मिळतो.

माझं निरीक्षण सांगतो, पटलं तर घ्या. 'सून मेंटल आहे' हे वाक्य हुंडा, जमीन किंवा दुसरं लग्न यातलं काहीतरी मागं असल्याशिवाय सहसा येत नाही. आणि सून खरंच आजारी असली तरी ती बऱ्याचदा त्याच घरात आजारी पडलेली असते.

नवरा नार्सिसिस्ट (स्वतःच्याच प्रेमात असलेला) आहे, गॅसलाइटिंग करतो (मलाच खोटं पाडून माझ्या डोक्यावर शंका घ्यायला लावतो), रील्समध्ये सगळं जुळतं.

जुळणारच, रील तशीच बनवतात. तो मारतो का, पैसे काढून घेतो का, माहेरी फोन करू देत नाही का, एवढं सांगा. त्याला कौटुंबिक हिंसाचार म्हणतात, २००५ चा कायदा आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. त्याच्या डोक्याचं नाव काय यानं तुमचा मार कमी होत नाही. उलट 'त्याला रागाचा आजार आहे, समजून घे' म्हणून बायांनाच गप्प बसवतात, आणि हा आजारी माणूस सावकारासमोर, ठाणेदारासमोर कधीच चिडत नाही बरं का.

शेतकऱ्यानं जीव दिला की एक म्हणतो कर्जानं, एक म्हणतो डिप्रेशननं, एक म्हणतो दारूनं. खरं कोणतं?

एकच खरं असायला पाहिजे असं कोणी सांगितलं? दुबार पेरणी झाली, बोंडअळीनं कपाशी नेली, भाव पडले, बँक दारात, त्यातून झोप गेली, झोपेसाठी दारू सुरू झाली, दारूनं मन अजून खचलं. यातली एक कडी उचलायची आणि त्यालाच कारण म्हणायचं, हे ज्याच्या त्याच्या सोयीनं चालतं. सरकारी मदतीची फाइल पात्र-अपात्र ठरवताना कर्ज आणि नापिकी पाहते, त्यामुळे घरचे आजाराचं नाव काढायला घाबरतात. आणि ज्यांना भाव, विमा, सिंचन यावर बोलायचं नसतं त्यांना 'डिप्रेशन होतं हो त्याला' हे फार सोयीचं पडतं. मला दोन्हीचा राग येतो.

पण उपचारानं काही होत नाही हेही चूक. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा एक कार्यक्रम राबवला होता, गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी बोलायला लावलं. आधी नैराश्य असलेल्या १०० माणसांतली जेमतेम ४ उपचारापर्यंत पोचत होती, नंतर २७ पोचली, हे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. मोठा फरक आहे. आणि उरलेली ७३ माणसं पण डोळ्यासमोर ठेवा. राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्पही २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी आला, त्यात आशाताई घरोघरी विचारपूस करतात. आशाताई आली की 'आम्हाले काही नाही झालं' म्हणून तिला दारातूनच परत पाठवू नका.

कोणी 'मरून जावं वाटते' म्हणालं तर? विचारलं तर उलट डोक्यात घुसतं म्हणतात.

नाही घुसत. सरळ विचारा, शांतपणे, बाकीच्यांसमोर नाही. 'असं बोलू नये', 'लेकराबाळांकडे पाहा' हे नंतर, आधी ऐका. एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते त्याच दिवशी शेजाऱ्याकडे, कुलपात. यात कोणाला काही वाटून घ्यायचं कारण नाही, हाताशी नसलं की तो वाईट तास निघून जातो आणि माणूस वाचतो, हे जगभर दिसलेलं आहे. १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. घाई असेल तर १०८.

पोलीस केसची भीती घालून दवाखान्यात नेत नाहीत कधीकधी. प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ पाहा, आणि नव्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणारं जुनं कलम ३०९ उरलंच नाही. दवाखाना नोंद करेल, पोलीस जबाब घेतील, पण त्यासाठी नेण्यात उशीर करू नका.

मनाच्या आजाराच्या गोळ्यांची सवय लागते का?

डिप्रेशनच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. पण त्या लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमकं दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून लोक सोडतात. बंदही स्वतःच्या मनानं एकदम करायच्या नाहीत. सवय लागते ती झोपेच्या, घबराटीच्या काही गोळ्यांची, ज्या मेडिकलवर ओळखीनं चिठ्ठीशिवाय मिळतात आणि आपण वर्षभर खातो. म्हणजे ज्याला घाबरायचं ते बिनधास्त, आणि ज्याला नाही त्याला घाबरून.

मनोविकाराच्या डॉक्टरकडे गेलं की 'नागपूरले पाठोलं' असं गावात होतं. जवळ काही नाही का?

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, आणि त्या चौकाला लोकांनी दिलेलं पागलखाना चौक हे नाव, याची दहशत अजून आहे. पण बहुतेकांना तिकडं जायची गरजच पडत नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातही येते, तो वार आशाताईला माहीत असतो. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर इथं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, वर्ध्याजवळ सेवाग्रामचं रुग्णालय आहे. तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आरोग्य विम्यानंही मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा असं कायद्यात आहे, पॉलिसी घेताना विचारा.

गावात काय सांगायचं हा प्रश्न असेल तर 'डोकं दुखते म्हणून दाखवून आलो' म्हणा. मी तरी याला खोटं धरत नाही.

घरचे आधी भगताकडेच नेणार म्हणतात. मी एकटा पडतो. काय करू?

भांडू नका, हराल. अंगारा लावतात तर लावू द्या, दर्ग्यावर नेतात तर सोबत जा, पण तीन गोष्टींवर अडून बसा. चालू असलेली गोळी एक दिवसही बंद होऊ द्यायची नाही. वर सांगितलेलं अचानक बरळणं, ताप, आकडी, बाळंतीण, फवारणी, दारू यातलं काही असेल तर आधी दवाखाना, भगत नंतर. आणि मार, चटके, मिरचीची धुरी, साखळी यातलं काहीही नाही. भूत उतरवतो म्हणून बांधणं-मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आजारी माणसाला साखळीनं बांधायलाही २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. हे भगताला चारचौघांत नाही, बाजूला घेऊन सांगा. बऱ्याच ठिकाणी तोच मग म्हणतो, 'माया हातचं नाही हे, डॉक्टरले दाखवा', आणि घरचे तुमचं नाही ऐकत तेवढं त्याचं ऐकतात.